लावण उरकून कॉलेजला गेले तर चालेल का?

पत्र

मॅडम, नमस्कार. मी जावळी तालुक्यातली. केळघरच्या बाजूला आमचं गाव. यंदा बारावी सायन्स झाले, ६८ टक्के पडले. साताऱ्याला बी.एस्सी.ला ॲडमिशन मिळाली. आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिलीच. कॉलेज येत्या सोमवारी सुरू होतंय आणि नेमकी त्याच आठवड्यात आमची भाताची लावण आलीय. तरवा (लावायची रोपं) तयार आहे, पावसानंही जोर धरलाय. दीड एकराचं काम, सगळं पैऱ्यावर चालतं. आई आणि मी चार घरी लावणीला जाऊन आलो, आता त्या बायका आमच्याकडं येणार. अशा वेळी घरातलीच मुलगी नाही म्हणजे बरं दिसत नाही. अण्णा काही बोलत नाहीत. आजी म्हणते, "आठ दिसांनी गेलीस तर कालिज काय पळून जातंय व्हय?" माझा चुलत भाऊ दोन वर्षं साताऱ्याला कॉलेजात होता. तो म्हणतो, पहिल्या आठवड्यात काही शिकवत नाहीत, भाषणं असतात आणि गुलाबाचं फूल देतात. शिवाय आमच्या गावातून मुक्कामी गाडी पावणेसहाला सुटते, ती चुकली तर पुढचं सगळं चुकतं. तर मी लावण उरकून पुढच्या सोमवारपासून गेले तर चालेल का?

ता. क. : खरं सांगू का मॅडम, कॉलेजच्या आठवड्यातच लावण आली म्हटल्यावर मला जरा बरंच वाटलं. तिथं माझ्या ओळखीचं एकही माणूस नाही.

– जावळी तालुक्यातली एक वाचक

उत्तर

तुझं पत्र बुधवारी आलं आणि तुझं कॉलेज सोमवारी आहे, म्हणून बाकीची पत्रं बाजूला ठेवून तुला आधी लिहितेय. उत्तर पहिल्यांदा सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील. सोमवारी जा. लावणीचं काय करायचं त्यावर येतेच, पण सोमवारी पावणेसहाच्या गाडीत तू बसलेली असायला हवीस.

आता तुझा चुलत भाऊ. तो खोटं बोलत नाही. मी ३३ वर्षं साताऱ्यात केमिस्ट्री शिकवली, त्यातल्या एकाही वर्षी पहिल्या आठवड्यात धड एक प्रकरण संपवलेलं मला आठवत नाही. पहिल्या तासाला नाव, गाव, बारावी कुठून केली. दुसऱ्या तासाला फळ्यावर सिलॅबस. तिसऱ्या तासाला सर मीटिंगला गेलेले. मध्येच सगळ्यांना हॉलमध्ये नेऊन बसवतात, प्राचार्य बोलतात, विभागप्रमुख बोलतात, माईक खरखरतो, आणि ते गुलाबाचं फूल दुपारपर्यंत मान टाकतं. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०१९ साली नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागतासाठी 'दीक्षारंभ' नावाची मार्गदर्शिका काढली. इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी तर एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेनं तीन आठवड्यांचा कार्यक्रम आखला. कल्पना चांगली होती. मुलांनी एकमेकांत मिसळावं, कॉलेज पायांखालून घालावं, शिक्षकांशी बोलायची भीड मोडावी, आणि मग अभ्यासाला हात घालावा. बऱ्याच ठिकाणी तिचा भाषण आणि फूल एवढाच अर्क उरलाय, हे मीही बघितलंय. तेव्हा भावाचं निरीक्षण बरोबर आहे. "शिकवत नाहीत" यावरून त्यानं "काही होत नाही" असा जो अर्थ काढला, तो चुकला. (तो दोन वर्षं कॉलेजात होता असं तू लिहिलंस. तिसऱ्या वर्षाचं लिहिलं नाहीस, म्हणून मी विचारत नाही.)

त्या आठवड्यात काय होतं ते सांगायला मला माझंच उदाहरण घ्यावं लागेल.

मी माण तालुक्यातली, दहिवडीच्या पुढची. १९८४ साली मी साताऱ्यात बी.एस्सी.ला आले, आणि आठ दिवस उशिरा आले. कारण तुझ्यासारखंच. आमच्याकडं पाऊस असा पडत नाही, पडला की माणसं हातातलं जेवण सोडून रानात धावतात. त्या जुलैत पाऊस झाला, बाजरीची पेरणी निघाली, आणि वडील म्हणाले, पेरणी करून जा. मी थांबले. बाजरी चांगली आली, तेही सांगायला हवं. पेरणीला थांबल्याचा पश्चात्ताप मला आजही नाही.

पण कॉलेजात पाऊल ठेवलं आणि पहिल्याच प्रॅक्टिकलला काय झालं ते ऐक. आमच्या वेळी केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये वजन करायला दोन पारड्यांचा काट्याचा तराजू असे, काचेच्या पेटीत. पितळेची बारीक वजनं लाकडी डब्यात, आपापल्या खाचेत बसवलेली, आणि त्यांच्यासोबत एक चिमटा. वजन बोटानं उचलायचं नसतं, कारण बोटाचा घाम लागला तरी वजनात फरक पडतो. आणि काटा वाचण्याआधी काचेचं दार लावायचं असतं, कारण आपल्या श्वासानंसुद्धा पारडं हलतं. हे सगळं आधीच्या आठवड्यात सगळ्यांना दाखवून झालं होतं. मला कुणी दाखवलं नव्हतं. मी दार उघडं ठेवून, वजनं बोटांनी उचलून, काटा थांबायची वाट बघत उभी. काटा काही थांबेना. लॅबचे मामा, म्हणजे तिथले मदतनीस, लांबून बघत होते. ते आले, माझ्या हातातलं वजन काढून घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अगं, हे काय किराणा दुकान आहे का?" सगळा वर्ग हसला.

मामा वाईट नव्हते. पुढं तीन वर्षं त्यांनी मला किती मदत केली! त्या दिवशी त्यांची चूक एवढीच होती की मी आधीच्या आठवड्यात नव्हते, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. आणि माझी चूक ही, की मी ते सांगितलं नाही. मान खाली घातली. त्यानंतर दिवाळीपर्यंत मी त्या लॅबमध्ये कुणाला काही विचारलं नाही. ब्युरेटची तोटी गळत असेल तर तशीच गळू दिली, रीडिंग चुकलं तरी चालेल, पण परत तो हशा नको.

शिक्षिका झाल्यावर हीच गोष्ट मी टेबलाच्या पलीकडून दरवर्षी बघत आले. पहिल्या सोमवारी एखादी मुलगी हात वर करून विचारते, "मॅडम, ट्युटोरियल म्हणजे काय?" आणि अर्धा वर्ग माना वर करतो, कारण त्यांनाही माहीत नसतं. कुणी हसत नाही. हसलं तरी सगळे मिळून हसतात, त्यातून ओळखी होतात. तोच प्रश्न सप्टेंबरात विचारा. वर्ग शांत होतो, पुढच्या बाकावरची दोघं मागं वळून बघतात, आणि विचारणारी पुन्हा कधी हात वर करत नाही. प्रश्न तोच असतो. पहिल्या आठवड्यात सगळेच वाट चुकलेले असतात, त्यामुळं विचारायला काही लागत नाही. त्या आठवड्याला लाजेची फी माफ असते म्हण ना. पुढं ती भरावी लागते, आणि खेड्यातून आलेल्या, घरात कॉलेज शिकलेलं कुणी नसलेल्या मुलीला ती सगळ्यात जास्त बसते. ज्यांच्या घरी आई-बाबा शिकलेले आहेत, त्यांना ही उत्तरं जेवताना मिळतात. तुला ती कॉलेजातच मिळवायची आहेत.

दुसरं माझं नुकसान पैशाचं झालं. कॉलेजात बुक बँक होती. गरजू मुलांना वर्षभरासाठी पुस्तकांचा सेट मिळे. त्याची नोटीस पहिल्या आठवड्यात लागली, अर्ज घेतले आणि नोटीस उतरवलीसुद्धा. मला पत्ताच नाही. दिवाळीनंतर एका मैत्रिणीच्या फिजिक्सच्या पुस्तकावर ग्रंथालयाचा शिक्का दिसला म्हणून मी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "का, तू अर्ज नव्हता केलास?" मी ते पुस्तक शनिवार-रविवार तिच्याकडून मागून आणायचे आणि हातानं उतरवून काढायचे. दोन दोनशेपानी वह्या भरल्या. माझं अक्षर त्यामुळं सुधारलं, हा एक फायदा.

तू म्हणशील, मॅडम, आता नोटीस बोर्ड राहिला नाही, सगळं व्हॉट्सॲपवर येतं. येतं, खरंय. पण वर्गाचा ग्रुप तयार होतो तो पहिल्या दोन-तीन दिवसांत, बाकाला बाक लावून नंबर घेत घेत. नंतर सामील झालेल्याला आधीचे मेसेज सहसा दिसत नाहीत. आणि नोटीस कळली तरी ती नोटीस घेऊन कोणत्या खिडकीला जायचं, तिथल्या बाई साडेअकराच्या आधी अर्ज घेतात की नंतर, हे ग्रुपवर कुणी टाकत नाही.

तुझ्या बाबतीत काय काय ठरणार आहे ते थोडं सांगते. नव्या शैक्षणिक धोरणामुळं आता नुसतं "बी.एस्सी." म्हणून भागत नाही. मुख्य विषय, त्याच्या जोडीला दुय्यम विषय, कौशल्याचे पेपर, भाषा, आणि एक खुला विषय जो आपल्या शाखेच्या बाहेरचा घ्यावा लागतो, म्हणजे सायन्सच्या मुलीनं कला किंवा वाणिज्य शाखेतला. चांगल्या विषयाच्या जागा भरल्या की उरलेला पदरात पडतो. मग अर्थशास्त्र आवडणारी पोर सहा महिने नको असलेला विषय रडत-खडत करते. प्रॅक्टिकलच्या बॅचही त्याच दिवसांत पडतात. उशिरा आलेल्यांना जिथं जागा असेल तिथं घुसवतात, आणि जागा असते ती बहुधा दुपारच्या शेवटच्या बॅचमध्ये. साताऱ्यात राहणाऱ्या मुलीला त्याचं काही नाही. तुला मात्र त्या बॅचनंतर मेढ्याची गाडी, आणि मेढ्यातून पुढची गाडी गाठायचीय. बॅच पाडताना सरांच्या टेबलाशी जाऊन "सर, मी केळघरच्या बाजूनं येते, मला सकाळची बॅच द्या" एवढं म्हणायला तू तिथं हवीस. म्हटलं की देतात. मी शेकडो वेळा दिलीय. नसलेल्या मुलीला कशी देणार?

हजेरीचा हिशोब तर तूच कर. ७५ टक्के हजेरी लागते आणि सेमिस्टर शिकवण्याच्या १५ आठवड्यांचं धरतात. म्हणजे पावणेचार आठवडे तुझ्या हातात आहेत. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, दोन क्रेडिटचा पेपर म्हणजे ३० तास, आठवड्याला दोन. प्रॅक्टिकलला याच्या दुप्पट तास. त्या पावणेचार आठवड्यांतला एक तू पहिल्याच झटक्यात खर्च करणार. मग जुलै-ऑगस्टात घाटात दरड आली, ओढ्याला पाणी आलं, तुमची एसटी आलीच नाही, असे दिवस किती असतात ते तू माझ्यापेक्षा जास्त जाणतेस. ते दिवस तुझ्या हातात नाहीत. मग ताप आहे, गणपती आहेत. सुट्टी साठवून ठेवायची ती या दिवसांसाठी.

पासाचंही बघ. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेतून फुकट असतो, आता तो नाही. कॉलेजच्या विद्यार्थ्याला पासासाठी भाड्याचा तिसरा हिस्साच भरावा लागतो, पण त्याला कॉलेजचा दाखला लागतो. दाखल्याचा अर्ज पहिल्याच दिवशी टाक. पास हातात येईपर्यंत महिलांचं अर्धं तिकीट आहेच. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर करायच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला आणि आधारला जोडलेलं बँक खातं लागतं. अण्णांना दाखल्यासाठी मेढ्याला तहसीलला जावं लागलं तर ते लावणीनंतर सावकाश जातील, पण नक्की कोणते कागद लागणार, हे तू कॉलेजच्या ऑफिसातून आधी विचारून आण. नाहीतर एकाच कामाला त्यांच्या तीन चकरा होतात.

आता लावण.

मी बाजरीच्या मुलखातली, भातातलं मला बेताचंच कळतं. पण दीड एकराला बारा-चौदा बायका उभ्या राहिल्या तर प्रत्यक्ष रोप लावायचं काम दोन दिवसांच्या वर जात नाही, एवढं मी जावळीतल्या विद्यार्थिनींकडून ऐकलंय. बाकीचा आठवडा चिखलणीत, पावसाची वाट बघण्यात आणि कोण कुणाकडं कधी जायचं हे जुळवण्यात जातो. तेव्हा अण्णांना पहिला प्रश्न विचार तो हा, की माझी गरज नेमकी किती दिवस आहे? तुझ्या पत्रात "आठवडा" आहे, आजीच्या तोंडी "आठ दिस" आहेत, पण दिवस कुणी मोजलेले दिसत नाहीत.

मोजून बघितलंत तर कदाचित असं निघेल, की चिखलणी शनिवारी उरकून रविवारी लावण धरली तर पहिला, सगळ्यात जड दिवस तू वाफ्यात उभी असशील. येणाऱ्या बायकांना तू दिसशील, त्यांना चहा देशील, आईच्या शेजारच्या ओळीत असशील. "घरातलीच मुलगी नाही" हा बोल मग कोण लावेल? सोमवारी जी जागा तुझी रिकामी पडेल तिथं एक बाई रोजानं घ्यायला जमतं का ते अण्णांना विचार. नाही जमलं, तर पैरा फेडायचे तुझ्या वाटचे दिवस पुढच्या रविवारी फेड. पैऱ्यात दिवस पुढंमागं होतातच. कुणाच्या घरी सुतक पडतं, कुणी आजारी असतं, तेव्हा जुळवून घेतातच ना? मग पोरगी कॉलेजला लागली यासाठी का नाही घेणार?

हे बोलायचं ते आजीसमोर नको आणि जेवताना तर नकोच. चारचौघांत विचारलं की माणूस चारचौघांना शोभेल असं उत्तर देतो. अण्णा गोठ्यात वैरण घालत असतील तेव्हा जा, हातात पेंढी घे आणि बोल. तू लिहिलंस "अण्णा काही बोलत नाहीत." ज्या बापाला मुलीनं थांबावं असं वाटतं, तो सरळ थांब म्हणतो. काही न बोलणारा बाप बऱ्याचदा वाट बघत असतो, की हिनंच ठरवावं. माझा अंदाज चुकूही शकेल. तुझे अण्णा तुला ठाऊक.

घरचं काम टाकून शिकायला जाणं म्हणजे काहीतरी चोरी, असं तुझ्या पत्रात कुठंतरी डोकावतंय. ते मनातून काढ. साताऱ्यात ही चिंता शंभर वर्षं जुनी आहे आणि तिचं उत्तरही इथंच दिलं गेलंय. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात आले, आणि शेतकऱ्यांची, सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली आणून ठेवली. त्या बोर्डिंगात पोरं राबायची आणि शिकायची. १९४७ साली सुरू झालेलं छत्रपती शिवाजी कॉलेजही 'कमवा आणि शिका' या पायावर उभं राहिलं. पण बघ, तिथं काम शिक्षणाच्या वेळा सांभाळून बसवलेलं होतं. तास बुडवून खुरपणीला जा, असं कर्मवीरांनी कुणाला सांगितलं नाही. तूही तसंच बसव. रविवार, संध्याकाळ, सुट्ट्या तुझ्या रानाच्या. सोमवारची सकाळ कॉलेजची.

आजीला दुखवू नकोस. कॉलेज पळून जात नाही, हे तिचं बरोबरच आहे. पावणेसहाची गाडी जाते, एवढंच सांग.

आणि आता ता. क.

तुझ्या पत्रात लावणीच्या दहा-बारा ओळी आहेत आणि भीतीच्या दोन. मी इतकी वर्षं मुलींच्या चिठ्ठ्या वाचल्यात, खरं दुखणं कायम ता. क. मध्ये असतं. लावण आल्याचं तुला बरं वाटलं, यात लाजण्यासारखं काही नाही. मलाही १९८४ साली पेरणी निघाल्यावर हायसं वाटलं होतं, आज पहिल्यांदाच लिहितेय. पण भीती आठ दिवसांनी कमी होत नाही. उलट आठ दिवसांत बाकीच्यांच्या जोड्या जमतात, बाक ठरतात, डबा कुणासोबत खायचा ते ठरतं, आणि मग तिथं तू एकटी नवी. सोमवारी गेलीस तर दीडशे जणांच्यात एकशेचाळीस नवे असतील. कुणाला कुणाची ओळख नसते तेव्हा ओळख करून घेणं सगळ्यात सोपं असतं.

तुला पहिली मैत्रीण वर्गात मिळणार नाही, गाडीत मिळेल. आमच्या वर्गात मुलामुलींचे गट जातीनं नाही, मार्कांनीही नाही, गाडीनं पडायचे. कोरेगावची गाडी, वाईची गाडी, परळीची गाडी, मेढ्याची गाडी. दुपारच्या तासाला परळीच्या गाडीची वेळ झाली की एक अख्खी रांग दप्तरं सावरायला लागायची, आणि मी खडू ठेवून म्हणायचे, "जा बाबांनो, नाहीतर उद्या माझ्या नावानं शंख कराल." मेढ्याच्या गाडीत सोमवारी नव्या कोऱ्या सॅका घेतलेल्या आणखी तीन-चार मुली असतील. त्यांच्याही पोटात तसाच गोळा असेल. "कुठलं कॉलेज?" एवढंच विचार. कॉलेज वेगळं निघालं तरी चालेल, संध्याकाळी गाडी चुकली तर स्टँडवर सोबत उभं राहायला कुणीतरी असणं ही मोठी गोष्ट आहे. सातारा स्टँडवर पावसात एकटीनं दोन तास काढून बघ, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. नको, काढू नकोसच.

आईला रॅगिंगची काळजी वाटत असेल तर तिला सांग, महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ पासून कायदा आहे, आणि यूजीसीची १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन आहे. नंबर फोनमध्ये घालून ठेव. घरून जाऊन-येऊन करणाऱ्या मुलींना हा त्रास झालेला मी फारसा पाहिलेला नाही, पण नंबर असू दे.

आणि एवढं सगळं करूनही नाहीच जमलं, पाऊसच असा आला की बुधवारी तुला रानात उतरावंच लागलं, तर सोमवार आणि मंगळवार तरी सोडू नकोस. त्या दोन दिवसांत कुणाला तरी एकीला नंबर दे. मग एक साधा अर्ज लिही, "भातलावणीमुळं दोन दिवस गैरहजर राहीन", आणि वर्गशिक्षकांच्या हातात दे. खोटं आजारपण लिहू नकोस. साताऱ्यातल्या शिक्षकाला लावण काय असते ते सांगावं लागत नाही, आमच्यातले अर्धे स्वतः वाफ्यातून आलेत. माझं १९८४ साली चुकलं ते पेरणीला थांबण्यात नव्हे. मी कुणाला न कळवता थांबले, आणि आल्यावरही "मी आठ दिवस नव्हते, मला हे दाखवा" असं म्हटलं नाही. ते वाक्य पहिल्याच दिवशी म्हटलं असतं तर मामांनी स्वतः शेजारी उभं राहून दार लावायला शिकवलं असतं. नंतर त्यांनी तेच केलं, पण मध्ये चार महिने गेले.

सोमवारचं बघ. भाकरी रात्रीच करून ठेव. पहाटे चूल पेटायला वेळ लागतो आणि मुक्कामी गाडीचा ड्रायव्हर हॉर्न दोनदाच देतो. वह्या प्लास्टिकच्या पिशवीत घाल. खिडकीची सीट मिळाली तरी घेऊ नकोस, पावसाळ्यात एसटीच्या खिडक्या गळतात आणि पहिल्या दिवशी एका बाजूनं भिजून कॉलेजला जाणं काही खरं नाही. गाडी स्टँडला किती वाजता लागली ते वहीच्या मागच्या पानावर लिही, असं पाच दिवस लिही, म्हणजे पहिला तास तुला गाठता येतो की नाही ते कळेल आणि येत नसेल तर सरांशी बोलता येईल. नखांतला चिखल निघाला नाही तर राहू दे. आणि लॅबमध्ये गेलीस की तिथल्या मामांना आधी नमस्कार कर.